मालिकेचा पुढचा भाग कोणाच्या हाती?



वसंतात व्याख्याने ठेवण्याची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात घातली. तेव्हापासून अशा व्याख्यानपीठावर मोठमोठे विद्वान बोलत आले आहेत. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शाळेतील शिक्षण सातवीशी संपले आणि पुढची विद्या जिनिंगमध्ये, कामगारांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर झाली. संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनस किंवा किमान वेतन असे काही सांगू, अशी त्यांची समजूत असावी. अंतराळातील लढायांच्या लांबलचक कादंबऱ्या कागदावर वाचाव्यात की यंत्राच्या पडद्यावर, यावर बोलू, असे आम्ही म्हणालो, तेव्हा ते हसले. आताही काही मंडळी हसत आहेत. हसण्यास हरकत नाही. परंतु हा प्रश्नही शेवटी मालकीचाच आहे, आणि मालकीच्या प्रश्नावर बोलण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत.

आपल्या गावापासूनच आरंभ करू. रुक्मिणीहरणाची कथा कौंडण्यपुरात घडली, आणि ते कौंडण्यपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. बहिणीला परत आणल्याखेरीज नगरात पाऊल टाकणार नाही, अशी प्रतिज्ञा करून रुक्मी निघाला, हरला, आणि परत न जाता भोजकट वसवून राहिला. ते भोजकट म्हणजेच आपली भातकुली, असे मानले जाते. भागवताचा दशम स्कंध वाचणारा येथे रुक्मीचा निरोप घेतो. मग बऱ्याच घडामोडी होतात, आणि पुढे अनिरुद्धाच्या लग्नात द्यूताच्या पटावर हाच रुक्मी पुन्हा भेटतो व बलरामाच्या हातून मारला जातो. ज्याला मागचा रुक्मी आठवत नाही, त्याला पुढच्या रुक्मीचे मरण समजत नाही. मालिका वाचणाऱ्याचे सुख आणि त्याची अडचण या एका उदाहरणात आली. त्याला पात्रे ध्यानात ठेवावी लागतात, मागचे पान काढून पाहावे लागते, आणि पुढचा भाग हाती येईल असा भरवसा लागतो. या तीन गोष्टी आपण मनाशी धरू आणि त्यांवर कागद व पडदा दोन्ही घासून पाहू.

मराठीत आकाशाची वाटही प्रथम क्रमशःच उघडली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकातून 1900 साली ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे रूपांतर ‘चंद्रलोकाची सफर’ या नावाने येऊ लागले. त्या वाचकाला चंद्राकडे जाण्यासाठी पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे. पुढे डॉ. जयंत नारळीकरांनी विज्ञानकथेला आपल्या भाषेत मान मिळवून दिला. पण मालिकांचा मोठा व्यवहार आपल्याकडे आकाशात झाला नाही, तो रहस्यकथेत झाला. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली. झुंजार, काळापहाड आणि धनंजय घराघरांत ओळखीचे झाले. गुरुनाथ नाईकांनी तर बाराशेचा आकडा ओलांडला. ही पुस्तके विकत घेणारे थोडे आणि भाड्याने नेणारे फार होते. हंगामात रात्रपाळीला कापसाच्या गाड्या खोळंबल्या की आमच्यातला एक जण दिव्याखाली बसून झुंजार मोठ्याने वाचून दाखवी. ते पुस्तक किती हातांतून आले होते याची गणती नव्हती. शेवटची चार पाने बहुधा नसत, आणि मग प्रत्येक हमाल आपापला शेवट सांगे.

आता बाहेरच्या जगाकडे पाहू. जर्मनीत ‘पेरी ऱ्होडान’ नावाची अंतराळकथांची मालिका 8 सप्टेंबर 1961 रोजी सुरू झाली. दर आठवड्याला एक पातळ पुस्तिका, असा तिचा क्रम आहे. 2019 च्या फेब्रुवारीत तिचा तीन हजारावा अंक निघाला. हे काम एकट्या माणसाचे नव्हे. कथेचा आराखडा आखून द्यायचा, आणि लेखकांच्या मंडळाने त्याबरहुकूम एकेक भाग लिहायचा, अशी तेथील पद्धत आहे. आम्हांला ही पद्धत अर्थातच आवडली. तीन पिढ्यांनी एक कथा वाचली आणि लेखकांच्याही पिढ्या बदलल्या, पण आठवड्याचा नेम राहिला. अशी मालिका छापील पुस्तिकांत जमवायची तर घरात माणसांनी कोठे बसावे हा प्रश्न पडेल. विजेवर चालणाऱ्या वाचनयंत्रात मात्र ती सारी मावते, आणि ते यंत्र वजनाने पाव किलोच्याही आत असते.

दुसरे उदाहरण इंग्रजीतले आहे. ‘दि एक्स्पान्स’ ही नऊ कादंबऱ्यांची माला 2011 ते 2021 या काळात पुरी झाली. जेम्स एस. ए. कोरी हे नाव पुस्तकावर असले, तरी त्यामागे डॅनिएल अब्राहम आणि टाय फ्रँक असे दोन लेखक आहेत. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात मजूर राहतात. ते पृथ्वी आणि मंगळ यांच्या कारखान्यांसाठी खाणी खोदतात. त्यांच्या वस्तीवर पाणी नाही, म्हणून शनीच्या कड्यांतून बर्फ वाहून आणणारी जहाजे चालतात. श्वासाची हवासुद्धा हिशेबाची वस्तू असते. पट्ट्यातल्या या लोकांची बोली वेगळी, अंगलोट वेगळी, आणि वरच्या ग्रहांवरचे लोक त्यांना हिणवतात. आमच्या ओळखीच्या एका पोराने ही माला आपल्या फोनवर वाचली आणि आम्हांला म्हणाला, “दादा, हे त आपलंच गाव हाय!” पोरगा खरे बोलला. आपण पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात राहतो. जमिनीत पाणी आहे, पण ते खारट आहे, आणि गोड्या पाण्यासाठी बाहेरच्या नळाकडे पाहावे लागते. शनीच्या कड्यांतून येणाऱ्या बर्फाची किंमत भातकुलीच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. अशी पुस्तके आपल्या गावात पोहोचली पाहिजेत, हे तर आपण मान्य कराल. ती कोणत्या वाटेने पोहोचतील, एवढाच प्रश्न उरतो.

कागदाच्या वाटेने काय होते ते पाहा. याच मालेचा पहिला आणि तिसरा भाग आम्हांला शहरातील एका दुकानात मिळाला. दुसरा नव्हता. मागवून ठेवतो, असे सांगण्यात आले, आणि तो आलाच नाही. वाचनालयांतही हेच होते. मालिका घेताना पहिला भाग उत्साहाने घेतला जातो, पुढच्या वर्षी पैसा दुसरीकडे वळतो, आणि मधलाच एखादा भाग कोणी नेऊन परत करीत नाही. मधला डबा सुटलेली गाडी जशी, तशी ती मालिका कपाटात उभी राहते. पुढचा भाग मिळण्याचा भरवसा हा आपला तिसरा निकष होता. त्या निकषावर कागद आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी कमी पडतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पडदा येथे जिंकतो. नऊही भाग रात्री बारा वाजता भातकुलीत मिळतात. एसटीची वाट पाहावी लागत नाही. मागचे पान काढण्याच्या बाबतीतही त्याची एक मोठी सोय आहे. रुक्मी हे नाव लिहिले की तो जेथे जेथे आला ती सारी स्थळे यंत्र दाखवते. तिसऱ्या भागातला दुय्यम अधिकारी सातव्या भागात एकदम पुढे आला, तर त्याला ओळखण्यास क्षणही लागत नाही. परक्या भाषेतील पुस्तक असेल तर शब्दावर बोट ठेवताच अर्थ समोर येतो. ज्यांनी इंग्रजी शाळेत शिकली त्यांना याची महती कळणार नाही. आमच्यासारख्याने ती जुना शब्दकोश मांडीवर घेऊन शिकली. पानाला तीन वेळा कोश उघडावा लागला की लढाई तेथेच थांबे. पन्नाशीनंतर अक्षरे मोठी करता येणे हीही लहान गोष्ट नव्हे. आणि ज्यांना दिसत नाही त्यांना हेच पुस्तक यंत्र वाचून दाखवू शकते. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती होऊन अशा वाचकांसाठी पुस्तकाचे सुलभ रूप करण्यास मोकळीक मिळाली. त्याविषयीचा माराकेश येथील आंतरराष्ट्रीय करार 2014 साली सर्वांआधी मान्य करणारा देशही भारतच होता.

काही जण म्हणतील, पडद्याने डोळे बिघडतात. येथे फोन आणि वाचनयंत्र यांत फरक करावा. वाचनयंत्राच्या पडद्यात केसाएवढ्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. त्यांत काळे आणि पांढरे कण तरंगतात, आणि त्यांवरील विद्युतभार परस्परविरुद्ध असतो. विजेच्या इशाऱ्याने जो कण वर येईल तो रंग दिसतो, आणि मग वीज थांबली तरी अक्षर जागचे हलत नाही. म्हणजे वीज लागते ती मुख्यतः पान उलटण्यापुरती. दिवे वारंवार जाणाऱ्या आमच्या भागात हा गुण मोठाच म्हणावा लागेल.

परंतु पडद्याला मराठी वाचता येते का, हा प्रश्न आपण विचारावा. किंडल या यंत्रावर मराठी पुस्तके 2016 च्या डिसेंबरात सुरू झाली. त्याच्या आधीपासून अनेक संस्था मराठी ई-पुस्तके देत आल्या आहेत, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुष्कळ पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. अडचण जुन्या पुस्तकांची आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी संगणकावर जुळवलेली मराठी अक्षरे आपल्याला मराठी दिसत, पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असे. अशा पुस्तकात नाव शोधता येत नाही आणि अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. त्याहून जुनी पुस्तके तर शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली. त्यांची छायाचित्रे काढून फोनवर टाकली, की वाचक ओळीच्या आरंभी आणि शेवटी बोटाने पान ओढत बसतो. पडद्याने मागचे पान चटकन निघते, हे आम्ही आताच सांगितले. ते नव्या पुस्तकांपुरते खरे आहे. आपल्या आजोबांनी वाचलेल्या मालिकांपुरते ते अजून खरे व्हायचे आहे.

आता स्मरणाचा निकष घेऊ. कागदाच्या पुस्तकात आपण कोठे आहोत, हे हाताला कळते. डाव्या अंगठ्याखालची जाडी वाढत जाते, उजव्या अंगठ्याखालची कमी होत जाते. अमुक प्रसंग उजव्या पानावर खाली होता, असे डोळ्याला आठवते. नऊ भाग फळीवर ओळीने उभे असले की वाटचालीचा नकाशाच समोर असतो. पडद्यावर पहिला आणि नववा भाग दोन्ही सारख्याच वजनाचे लागतात. यंत्र शेकड्यात आकडा सांगते, पण हाताला काही सांगत नाही. आम्हांला अनुभव असा आहे की पडद्यावर आम्ही अधिक वाचतो आणि कागदावर वाचलेले अधिक टिकते. दुसऱ्याचा अनुभव निराळा असू शकेल. आम्ही त्यावर भांडणार नाही.

येथपर्यंत हिशेब जवळजवळ बरोबरीचा झाला. एवढ्यावर थांबलो असतो तर ज्याला जे आवडेल ते त्याने वाचावे, असे सांगून खाली बसलो असतो. पण खरा वाद वाचण्याच्या सोयीचा नाही. आपण पैसे देतो, तेव्हा आपल्याला मिळते काय, हा खरा वाद आहे.

कागदाचे पुस्तक विकत घेतले की ती प्रत आपली झाली. वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्यावी, वाचनालयास भेट द्यावी, जुन्या बाजारात विकावी. लेखकाचा हक्क मजकुरावर राहतो, प्रतीवर आपला. बहुतेक ई-पुस्तकांचे तसे नसते. तेथे आपण पुस्तक घेत नाही, वाचण्याचा परवाना घेतो. आम्ही कामगारांना हे असे समजावून सांगतो, की एक घर आपण बांधलेले आणि एक कंपनीच्या क्वार्टरमधले. क्वार्टरला भिंती असतात, छप्पर असते, नळही असतो. पण कंपनी बंद पडली की क्वार्टर सोडावी लागते, आणि पाहुणा किती दिवस ठेवायचा हेही दुसरा ठरवतो.

हे केवळ भय नाही, घडलेल्या गोष्टी आहेत. 2009 च्या जुलैत जॉर्ज ऑर्वेलच्या ‘1984’ आणि ‘अॅनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती अॅमेझॉनने ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. ज्याने त्या विक्रीस ठेवल्या होत्या त्याच्याकडे तसा हक्क नव्हता, हे कारण होते. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली. पण दुकानदार रात्री घरात येऊन फळीवरचे पुस्तक नेऊ शकतो, हे जगाने त्या दिवशी पाहिले. 2019 साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकत घेतलेली पुस्तकेही वाचता येईनाशी झाली. तेथेही पैसे परत झाले. परंतु नऊ भागांपैकी सहावा भाग वाचत असलेल्या माणसाला पैसे घेऊन काय करायचे? त्याला सातवा भाग हवा असतो.

कुलूप लावलेले ग्रंथ आपल्या वऱ्हाडाला नवे नाहीत. रिद्धपूर आपल्याच जिल्ह्यात. तेथे 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. तीही एका अर्थी मालाच आहे. लहान लहान लीळा एकामागून एक येतात आणि त्यांतून एक काळ उभा राहतो. मूळ प्रत स्वारीच्या धामधुमीत गेली आणि अनुयायांनी आठवून आठवून ती पुन्हा जुळवली, असे परंपरा सांगते. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवले. बाहेरच्या जगाला ते कित्येक शतके वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली आणि मराठीला आपल्याच घरातले धन सापडले. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहत आहे. आम्ही यातून एवढेच घेतो, की त्या कुलपाची किल्ली माणसांच्या डोक्यात होती आणि प्रती मठामठांत होत्या, म्हणून ग्रंथ तगला. आजच्या ई-पुस्तकाची किल्ली एका कंपनीच्या यंत्रात असते, आणि ती कंपनी जोवर आहे तोवरच ती चालते.

म्हणून आम्ही म्हणतो, की कागद आणि पडदा यांत निवड करणाऱ्या एका वाचकाचा विचार पुरेसा नाही. पंधरा वर्षांनी या गावात जन्मलेल्या पोरीला ही माला हवी झाली, तर ती कोठून मिळेल, याचा विचार करा. ज्या पोराने आमच्याशी ती गोष्ट काढली, त्याच्या फोनवर नऊ भाग आहेत. तो पोटासाठी पुण्याला गेला की भातकुलीत एकही भाग उरत नाही. आणि झुंजारचे ते फाटके, शेवट नसलेले पुस्तक मात्र आमच्या माहितीप्रमाणे पन्नास जणांनी वाचले.

आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली झाला. गावोगावची ग्रंथालये त्याच कायद्याखाली मान्यता आणि अनुदान घेऊन चालतात. डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम सांगितले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असे दोन नियम आहेत. परवान्याच्या पुस्तकाला दुसरा वाचक मिळण्याची वाट बंद आहे, म्हणजे या दोन्ही नियमांचा तेथे भंग होतो.

सभेत नुसती टीका करून मागण्या न मांडता खाली बसणे आमच्या सवयीत नाही. पहिली मागणी वाचनालयाकडे आहे. मालिका घ्यायची तर पुरी घ्यावी. दर वर्षी नव्या दहा मालिकांचे पहिले भाग घेण्यापेक्षा दोन मालिका शेवटपर्यंत आणाव्यात, आणि हरवलेला मधला भाग नव्या पुस्तकांआधी भरून काढावा. दुसरी मागणी प्रकाशकांकडे आहे. ई-पुस्तक कुलपावाचून विकणे शक्य आहे. विज्ञानकथांचे मोठे प्रकाशक टॉर यांनी 2012 सालीच तसे केले. मराठी प्रकाशकांनी निदान सार्वजनिक ग्रंथालयांना तरी असे पुस्तक द्यावे, की जे एका वेळी एकाच वाचकाला पण कायम देता येईल. लेखकाचा मोबदला बुडावा, असे आमच्यासारखा माणूस म्हणणार नाही. लेखणीचे काम हेही कामच आहे, आणि त्याचा दाम मिळालाच पाहिजे. तिसरी मागणी आपल्या सर्वांकडे आहे. पडद्यावर वाचा, खुशाल वाचा, पण जी माला मनाला भिडली तिचा एक कागदी संच चार जणांनी वर्गणी काढून घ्यावा आणि वाचनालयाच्या फळीवर उभा करावा. नऊ पुस्तकांचा भार चौघांत वाटला तर फार होत नाही. चौघांच्या खिशातून जे निघते, त्यावर गावाचा हक्क बसतो.

वाचनालयाचे चिटणीस येथे समोरच बसले आहेत. त्यांच्याशी बोलून आम्ही आमच्या वाट्याचे दोन भाग या महिन्यात आणून देण्याचे कबूल केले आहे. पहिला नव्हे, कारण पहिला कोणीही देतो. दुसरा आणि सहावा आम्ही देऊ. उरलेल्या सातांची नावे त्यांच्याकडे कागदावर लिहिलेली आहेत, आणि सभा संपल्यावर ते दहा मिनिटे दाराशी थांबणार आहेत.